सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि टोमॅटोवरील विषाणूजन्य रोग : अपेक्षा किती, उपयोग किती?

मे 2020 मध्ये महाराष्ट्रातील टोमॅटो उत्पादक दुहेरी संकटात सापडले होते. टाळेबंदीमुळे बाजार समित्यांचे व्यवहार विस्कळीत झाले होते. त्याच वेळी अकोले, संगमनेर, जुन्नर या भागांतील उन्हाळी टोमॅटोची फळे एकसारखी लाल न होता त्यांवर पिवळे, हिरवट व लाल असे पट्टे दिसू लागले. शेतकऱ्यांनी या विकृतीला ‘तिरंगा व्हायरस’ असे नाव दिले. हा विषाणू माणसालाही होतो, अशी अफवा पसरली आणि उरलेसुरले ग्राहकही दुरावले. रोगग्रस्त झाडांचे नमुने बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेकडे, म्हणजेच आयआयएचआरकडे, तपासणीसाठी पाठविण्यात आले. तपासणीत मुख्यत्वे काकडीवरील मोझॅकचा विषाणू, म्हणजेच सीएमव्ही, आढळून आला. वनस्पतींचे विषाणू माणसाला बाधत नाहीत, हेही त्या निमित्ताने पुन्हा स्पष्ट करावे लागले. पुढे 2023 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील उत्पादकांनी सीएमव्हीबद्दल, तर कर्नाटकातील उत्पादकांनी टोमॅटो मोझॅक विषाणूबद्दल पुन्हा तशाच तक्रारी केल्या.

अशा प्रत्येक प्रादुर्भावात विस्तार कार्यकर्त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : जस्त, बोरॉन, कॅल्शियम, पोटॅश किंवा सिलिकॉन यांच्या जादा फवारण्या दिल्यास पिकाची प्रतिकारशक्ती वाढून विषाणू आटोक्यात येईल काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. मात्र ते पुरेसे स्पष्ट आहे. जमिनीत किंवा झाडात एखाद्या अन्नद्रव्याची उणीव असेल, तर ती भरून काढल्याने झाडाची स्वसंरक्षणाची क्षमता पूर्ववत होते. उणीव नसताना दिलेली जादा मात्रा विषाणूला रोखत नाही, आणि एकदा लागण झाल्यावर कोणतेही अन्नद्रव्य झाडातील विषाणू नाहीसा करीत नाही. या विधानामागील कारणे आणि त्यावरून ठरणारा खर्चाचा क्रम या लेखात मांडला आहे.

विषाणू झाडात काय करतो?

बुरशी किंवा जिवाणू झाडाच्या पृष्ठभागावर अथवा पेशींच्या दरम्यान वाढतात, त्यामुळे त्यांना थेट मारणारी औषधे मिळू शकतात. विषाणूची गोष्ट निराळी आहे. त्याला स्वतःची पेशी नसते. तो झाडाच्या पेशीत शिरून तिचीच यंत्रणा वापरतो आणि स्वतःच्या प्रती तयार करवून घेतो. पेशीला मिळालेले जस्त, मॅग्नेशियम वा स्फुरद झाडाच्या वाढीसाठी जसे वापरले जाते, तसेच ते विषाणूच्या निर्मितीसाठीही उपलब्ध असते. म्हणूनच ‘झाडाला भरपूर खाऊ घातले की विषाणू उपाशी मरतो’ हा तर्क टिकत नाही.

झाडालाही स्वतःची संरक्षणव्यवस्था असते. विषाणूचा आरएनए ओळखून त्याचे तुकडे करणारी यंत्रणा वनस्पतींच्या पेशीत असते आणि सॅलिसिलिक आम्लासारखी संकेतद्रव्ये उर्वरित झाडाला सावध करतात. या क्रियांतील अनेक विकरांना धातूंची आवश्यकता असते, म्हणून उपाशी झाड दुबळे ठरते. परंतु यशस्वी विषाणूंनी या व्यवस्थेवर मात करण्याची साधनेही विकसित केली आहेत. सीएमव्हीचे ‘2बी’ नावाचे प्रथिन झाडाची ही आरएनए-तोड यंत्रणाच निकामी करते. अशा वेळी अडचण कच्च्या मालाच्या तुटवड्याची राहत नाही, त्यामुळे अधिक अन्नद्रव्ये देऊन ती सुटत नाही.

उणीव भरून काढणे आणि जादा मात्रा देणे

खनिजे आणि विषाणू यांच्या संबंधाचे सर्वांत बोलके उदाहरण शेतीबाहेरचे आहे. चीनमधील केशान परगण्यात 1935 मध्ये हृदयाच्या स्नायूंचा एक गंभीर आजार नोंदविला गेला. तेथील जमिनीत, आणि म्हणून धान्यात, सेलेनियम अत्यल्प होते. 1970 च्या दशकात मुलांना सोडियम सेलेनाइट दिल्यावर आजाराचे प्रमाण झपाट्याने घटले. पुढे 1995 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की एरवी सौम्य असलेला कॉक्सॅकी विषाणू सेलेनियमची उणीव असलेल्या उंदरांत बदलतो आणि घातक होतो. याउलट, करोनाच्या साथीत ज्या रुग्णांना सर्रास जस्ताच्या गोळ्या दिल्या गेल्या, त्यांच्याबाबत 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत जस्ताच्या मोठ्या मात्रेने लक्षणांचा कालावधी लक्षणीयरीत्या कमी झाला नाही. पहिल्या उदाहरणात उणीव ठळक होती आणि ती भरून काढली गेली. दुसऱ्यात उणीव न पाहता सरसकट मात्रा दिली गेली.

पिकांतही हेच तत्त्व दिसते. पालाश अर्थात पोटॅश आणि पीकरोग यांवरील दोन हजारांहून अधिक संशोधनांचा आढावा 1990 मध्ये घेण्यात आला. पालाशाच्या वापराने बुरशीजन्य रोगांचे प्रमाण 70 टक्के, तर विषाणूजन्य रोगांचे प्रमाण 41 टक्के घटल्याचे त्यात नमूद आहे. हे आकडे विक्रीच्या पत्रकांतून अनेकदा दिसतात. मात्र पालाशाचा हा लाभ मुख्यतः उणीव असलेल्या जमिनीत मिळतो. झाडाची गरज भागल्यानंतर मात्रा वाढवून प्रतिकारशक्ती वाढत जात नाही, ही त्यासोबतची महत्त्वाची बाब पत्रकांत नसते.

सिलिकॉनबाबतही असाच विवेक हवा. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तंबाखूवरील प्रयोगात सिलिकॉनमुळे टोबॅको रिंगस्पॉट विषाणूची लक्षणे उशिरा व कमी दिसली. परंतु त्याच पिकात टोबॅको मोझॅक विषाणूवर तसा परिणाम झाला नाही. म्हणजे एका विषाणूवरील निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही. शिवाय भात व ऊस ही पिके सिलिकॉन मोठ्या प्रमाणात साठवितात, तर टोमॅटो ते फारच कमी साठवितो. भातातील अनुभव टोमॅटोच्या शेतात जसाच्या तसा अपेक्षिणे योग्य नाही.

‘तिरंगा’ दिसला म्हणजे विषाणूच असे नाही

2020 मधील गोंधळाला एक शास्त्रीय कारणही होते. फळावर रंगाचे पट्टे पडण्याची किमान चार वेगवेगळी कारणे आहेत आणि उन्हाळ्यात ती एकाच शेतात एकत्र येऊ शकतात.

पहिले कारण अर्थातच विषाणू. दुसरे म्हणजे पालाशाची उणीव. तीत देठाजवळचा भाग पिवळा व कठीण राहतो. तिसरे कारण तापमान : पारा 30 ते 32 अंश सेल्सिअसच्या वर राहिला की फळाला लाल रंग देणाऱ्या लायकोपीनची निर्मिती मंदावते, पिवळे कॅरोटीन मात्र तयार होत राहते. चौथे कारण कीटकशास्त्रज्ञांच्या परिचयाचे आहे : पांढऱ्या माशीची पिले मोठ्या संख्येने पानांतून रस शोषतात, तेव्हा कोणताही विषाणू नसतानाही फळे पट्ट्यापट्ट्यांनी पिकतात. या चारपैकी केवळ दुसऱ्या कारणावर पालाश हा उपाय आहे.

पानांवरील लक्षणेही अशीच फसवी असतात. टोमॅटो क्लोरोसिस विषाणूमुळे खालच्या पानांच्या शिरांमधील भाग पिवळा पडतो. हे लक्षण मॅग्नेशियमच्या उणिवेशी इतके मिळतेजुळते आहे की जगभर त्याची गल्लत होत आली आहे. उलट, चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोहाच्या उणिवेने पिवळा पडलेला शेंडा पाहून शेतकरी ‘व्हायरस आला’ असे समजतात. शेतावर प्राथमिक निदान करताना पुढील बाबी पाहाव्यात.

• शेतातील मांडणी : उणीव साधारणतः पट्ट्यात किंवा चकंद्यात दिसते. चुनखडीचा भाग, पाणी साचणारा सखल भाग, ठिबकच्या नळीचे शेवटचे टोक अशा ठिकाणी शेजारची सर्व झाडे सारखीच दिसतात. विषाणूची लागण सुरुवातीला विखुरलेली असते. बांधाकडील ओळींत अधिक, आणि रोगट झाडाला लागून पूर्ण निरोगी झाड.

• पानाचे वय : नत्र, पालाश व मॅग्नेशियम यांची उणीव जुन्या पानांवर, तर लोह, जस्त, कॅल्शियम व बोरॉन यांची नव्या पानांवर आधी दिसते. मोझॅक, पर्णगुच्छ यांसारखे बहुतेक विषाणूजन्य रोग शेंड्याकडून प्रकट होतात. टोमॅटो क्लोरोसिस हा त्याला महत्त्वाचा अपवाद आहे.

• लक्षणांची समरूपता : उणिवेत पानाच्या मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सारखाच पिवळेपणा असतो. विषाणूत फिकट-गडद हिरव्या रंगाचे वेडेवाकडे ठिगळ, पान वाकणे, पात्याचा भाग आक्रसून पान दोरीसारखे अरुंद होणे अशी विषम लक्षणे दिसतात.

• किडींची उपस्थिती : पानांच्या खालच्या बाजूस पांढरी माशी व मावा, फुलांत फुलकिडे आहेत काय, हे भिंगाने पाहावे. मात्र मावा पिकावर वस्ती न करताही सीएमव्ही देऊन निघून जाऊ शकतो, त्यामुळे मावा न दिसणे हा निर्णायक पुरावा नव्हे.

• ओळीची चाचणी : संशयित अन्नद्रव्याची शिफारशीत मात्रेत दोन ओळींवर फवारणी करावी आणि शेजारच्या दोन ओळींवर केवळ पाणी फवारावे. लोहाची उणीव असल्यास आठ-दहा दिवसांत नवी पाने हिरवी निघतात. दोन्ही ओळी सारख्याच राहिल्या, तर सर्व शेतावर खर्च करण्याचे कारण उरत नाही.

अंतिम निदान एलायझा किंवा आरटी-पीसीआर चाचणीनेच होते. नमुना पाठविताना वाळलेले पान न घेता लक्षणे नुकतीच दिसू लागलेली कोवळी पाने घ्यावीत आणि सोबत निरोगी झाडाची पानेही द्यावीत.

‘फवारले आणि फरक पडला’ असे का वाटते?

प्रामाणिक शेतकरीही अनेकदा सांगतात की अमुक द्रावणाने व्हायरस गेला. त्यांचे निरीक्षण खरे असते. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र तपासावा लागतो. काही वेळा मूळ तक्रारच उणिवेची असते, त्यामुळे ती भरून निघते. काही वेळा तापमान बदलल्याने नव्या पानांवर लक्षणे फिकी पडतात, पण विषाणू झाडात कायम असतो. आणखी काही वेळा पाऊस किंवा थंडीमुळे वाहक किडींची संख्या आपोआप घटते आणि नवी लागण थांबते. विषाणूचा प्रवेश आणि लक्षणे यांत साधारणतः एक ते तीन आठवड्यांचे अंतर असल्याने फवारणीचा आणि बदलाचा संबंध जोडणे सोपे होते. न फवारलेली ओळ शेजारी नसेल, तर या शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. म्हणूनच प्रात्यक्षिक प्लॉट घेताना विस्तार कार्यकर्त्यांनी न फवारलेल्या ओळी राखण्याचा आग्रह धरावा.

प्रयोगशाळेत काही धातूंच्या नॅनोकणांनी विषाणूंची वाढ मंदावल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत. ते अभ्यासनीय आहेत. परंतु कुंडीतील तंबाखूवर्गीय रोपावर, मोजून केलेल्या लागणीत मिळालेला परिणाम आणि वाऱ्यासोबत रोज नवे वाहक येणाऱ्या एक एकर टोमॅटोतील परिणाम यांत मोठे अंतर असते.

वाहक किडींच्या दृष्टीने अन्नद्रव्ये

अन्नद्रव्यांचा विषाणूवर थेट परिणाम मर्यादित असला, तरी वाहक किडींच्या मार्गाने त्यांचा प्रभाव महत्त्वाचा ठरतो. आणि तो अनेकदा विपरीत असतो. नत्राची मात्रा जास्त झाली की झाडाच्या रसातील मुक्त अमिनो आम्ले वाढतात, पाने लुसलुशीत होतात आणि मावा व पांढरी माशी यांचे प्रजनन वाढते. विषाणूच्या भीतीने दिलेल्या ‘टॉनिक’मध्ये नत्र भरपूर असेल, तर आपण वाहकालाच पोसतो. पालाशाचे नत्राशी योग्य प्रमाण राखणे हा म्हणूनच पीकसंरक्षणाचाही भाग आहे.

प्रत्येक विषाणूचा वाहक वेगळा आणि त्याची वहनाची रीतही वेगळी असते. पर्णगुच्छाचा विषाणू पांढरी माशी पसरविते. तो शोषून घेण्यास आणि निरोगी झाडात सोडण्यास तिला बराच वेळ रस शोषावा लागतो, म्हणून तिच्या नियंत्रणाचा उपयोग होतो. भुईमुगावरील शेंडेमर रोगाचा विषाणू टोमॅटोवरही येतो. तो फुलकिडे केवळ पिलांच्या अवस्थेत ग्रहण करतात आणि प्रौढ झाल्यावर पसरवितात. त्यामुळे शेतातील व बांधावरील रोगट झाडे काढल्याने त्याची साखळी तुटते. सीएमव्ही मात्र मावा काही सेकंदांच्या चाचपणीतच उचलतो आणि तितक्याच त्वरेने पुढच्या झाडाला देतो. कीटकनाशकाचा परिणाम होण्याआधीच लागण झालेली असते. केवळ फवारण्या वाढवून सीएमव्ही थांबत नाही, तो याच कारणाने.

‘खनिज’ या शब्दाचा एक वेगळा उपयोग मात्र येथे सिद्ध झालेला आहे. बटाट्याच्या बेणे उत्पादनात खनिज तेलाची विरळ फवारणी माव्याच्या सोंडेतून होणारे अशा झटपट पसरणाऱ्या विषाणूंचे वहन कमी करते, असे अनेक देशांत आढळले आहे. हे तेल अन्नद्रव्य नव्हे. ते पानावर थर देऊन वहनात अडथळा आणते. उन्हाळ्यातील तीव्र उन्हात ते पाने करपवू शकते, म्हणून टोमॅटोत स्थानिक शिफारशीशिवाय त्याचा वापर करू नये.

टोमॅटो मोझॅक विषाणूला कीटक वाहकाची गरजच नसते. तो बियाणे, मजुरांचे हात, कात्री, सुतळी व बांबू यांच्यामार्फत पसरतो. येथे ना कीटकनाशक उपयोगी, ना अन्नद्रव्य. स्वच्छता हाच उपाय.

खर्चाचा क्रम कसा लावावा?

एकरी खर्चाला मर्यादा असते. तो पुढील क्रमाने केल्यास त्याचा मोबदला मिळण्याची शक्यता अधिक असते.

1. वाणाची निवड : ज्या भागात पर्णगुच्छ नेहमीचा आहे तेथे प्रतिकारक्षम संकरित वाण घ्यावा. आयआयएचआरने विकसित केलेले अर्का रक्षक व अर्का सम्राट हे संकरित वाण पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक्षम आहेत. मात्र पर्णगुच्छाला प्रतिकारक्षम वाण सीएमव्हीलाही प्रतिकारक्षम असतो, असे गृहीत धरू नये.

2. रोपवाटिका : 40 ते 50 मेशच्या नायलॉन जाळीखाली वाढविलेली रोपेच लावावीत. रोपावस्थेत झालेली लागण सर्वाधिक नुकसान करते, आणि त्या झाडाला पुढे कितीही खते दिली तरी ते नुकसान भरून येत नाही.

3. वाहकांना अडथळा : लागवडीआधी शेताच्या कडेने मक्याच्या दोन-तीन दाट ओळी पेराव्यात. चंदेरी-काळ्या आच्छादनाचा चंदेरी पृष्ठभाग वर ठेवल्यास परावर्तित प्रकाशामुळे मावा व पांढरी माशी उतरण्याचे टाळतात. पिवळे व निळे चिकट सापळे किडींच्या निरीक्षणासाठी लावावेत.

4. स्वच्छता : बांधावरील तणे, जुन्या टोमॅटोचे अवशेष, जवळची सोडून दिलेली काकडीवर्गीय पिके काढून टाकावीत. सीएमव्हीच्या यजमान वनस्पतींची संख्या हजाराच्या वर आहे. सुरुवातीच्या काळात विखुरलेली रोगट झाडे दिसताच उपटून, पिशवीत भरून शेताबाहेर नष्ट करावीत.

5. संतुलित अन्नद्रव्ये : लागवडीपूर्वी माती परीक्षण करावे. उपलब्ध जस्त 0.6, लोह 4.5 आणि बोरॉन 0.5 पीपीएमपेक्षा कमी असल्यास शिफारशीप्रमाणे जमिनीतून किंवा फवारणीतून द्यावे. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त, जास्त सामू असलेल्या जमिनीत जस्त व लोह जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही. तेथे फवारणी किंवा चिलेटयुक्त खत अधिक उपयोगी पडते. आयआयएचआरचे अर्का व्हेजिटेबल स्पेशल हे अशा उणिवा भरून उत्पादन व प्रत सुधारण्यासाठी तयार केलेले मिश्रण आहे. ते विषाणूनाशक म्हणून वापरावयाचे नाही. बोरॉनची गरज आणि विषबाधा यांतील अंतर फार थोडे असते आणि जस्ताच्या अतिरेकाने लोहाचे शोषण घटते, याचाही विसर पडू नये.

अन्नद्रव्ये या यादीत पाचव्या स्थानी आहेत, याचा अर्थ ती दुय्यम आहेत असा नाही. उणीव असलेल्या शेतात ती अपरिहार्यच आहेत. मात्र पहिल्या चार पायऱ्यांची जागा ती घेऊ शकत नाहीत.

फळधारणेनंतर लागण झाली असेल, तर संतुलित पोषण व पाणी यांमुळे उरलेली फळे पोसली जाण्यास मदत होते. तेवढ्या मर्यादित हेतूने खर्च करणे योग्य ठरते. फुलोऱ्याआधीच बहुसंख्य झाडे रोगट झाली असतील, तर एकामागून एक फवारण्या करण्याऐवजी पीक वेळीच काढणे शेतकऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या नव्या लागवडीच्याही हिताचे असते.

बाटलीवरील मजकूर वाचताना

खते व जैव-उत्तेजके 1985 च्या खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत येतात. जैव-उत्तेजकांचा समावेश त्यात 2021 मध्ये झाला. पिकावरील कीड वा रोगाचे नियंत्रण करण्याचा दावा असेल, तर ते उत्पादन 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणीकृत असावे लागते. म्हणून खताच्या बाटलीसोबत ‘व्हायरसचा नायनाट’ असा दावा केला जात असेल, तर विस्तार कार्यकर्त्यांनी त्या दाव्याचा नोंदणी क्रमांक विचारावा, पक्के बिल घेण्यास शेतकऱ्यांना सांगावे आणि घटकद्रव्यांचे प्रमाण लेबलवर पाहावे.

पुढील हंगामाची तयारी करताना शेतकरी बांधवांनी रोपांची मागणी नोंदविण्याआधी मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा आणि रोपवाटिकेत जाऊन जाळी स्वतः पाहावी. अहवालात उणीव दिसली, तर तेवढेच अन्नद्रव्य योग्य मात्रेत द्यावे. उणीव नसेल, तर वाचलेली रक्कम आच्छादन, मक्याची किनार आणि निरोगी रोपे यांवर खर्च करावी.